वाचकांचे प्रश्न : बोलीवरून ओळखली जाणारी माणसे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच दुखण्याविषयी आहेत, आपण नेमके कोण या प्रश्नाविषयी, असे मला वाटले. एक बेळगावच्या भगिनीचे आहे, एक निपाणी तालुक्यातील तरुणाचे आणि एक वयोवृद्ध गुरुजींचे. पहिल्या पत्राचे उत्तर मोठे झाले आहे, कारण त्यातील प्रश्न सीमाभागात राहणाऱ्या आपणा सर्वांच्याच घरात विचारला जातो. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि नावे गाळली आहेत.

प्रश्न : आदरणीय बाई, जय ख्रिस्त. माझे माहेर खानापूर तालुक्यातले. आमच्या घराण्यात ख्रिस्ती विश्वास पणजोबांपासून आहे आणि घरची भाषा मराठी आहे. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले, पदवीनंतर पाच वर्षे पुण्यात नोकरी केली आणि लग्न होऊन बेळगावात आले. पुण्यात मी "मी येतो", "मी जेवलो" असे म्हटले की मैत्रिणी हसत आणि मी कर्नाटकातली म्हणून माझे मराठी कच्चे आहे असे धरून चालत. इकडे कचेरीत मराठीत लिहिलेला अर्ज नेला की तो कन्नडात लिहून आणण्यास सांगतात. आमचे आडनाव चारचौघांसारखेच असल्यामुळे आम्ही ख्रिस्ती आहोत हे उशिरा कळते, आणि कळल्यावर शेजारणी विचारतात, "मग तुमचे खरे नाव काय?" मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, तरी आपले घर आहे असे वाटत असे, परंतु तरुण मुले कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली असल्यामुळे आमच्याकडील मराठी उपासना आता महिन्यातून एकाच रविवारी होते. मार्च महिन्यात माझे वडील प्रभूकडे गेले. त्यांच्या दफनविधीच्या वेळी सर्व भजने कन्नडात म्हटली गेली. ती सुंदर होती, तरीही मला जे रडू आले ते केवळ वडिलांसाठी नव्हते. माझी नऊ वर्षांची मुलगी मला विचारते, "आई, आपण कोण?" मी सांगते, "आपण ख्रिस्ती." पण बाकीची सगळी उत्तरे हातातून निसटली म्हणून मी हे उत्तर देते, की ते खरोखरच पहिले उत्तर आहे, हे माझे मलाच कळत नाही. ख्रिस्तामध्ये आपली ओळख सापडते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. ती नेमकी कशी सापडते?

उत्तर : प्रिय भगिनी, तुमच्या वडिलांच्या जाण्याचे दुःख ताजे आहे आणि त्याच दुःखात हा प्रश्न उभा राहिला आहे, म्हणून प्रथम एवढेच सांगते की त्या दिवशी कबरीजवळ आलेल्या रडण्याची लाज बाळगू नका. ज्या भाषेत वडिलांनी आपल्याला झोपवले त्या भाषेत त्यांना निरोप देता आला नाही, तर मन दुखावणारच.

आता तुमच्या माहेरच्या घराकडे पाहू. ते घर जागचे हललेले नाही. तरीही तुमच्या आजोबांच्या काळात ते मुंबई इलाख्यात होते, स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात आले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेले, १९७३ मध्ये त्याच राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि २०१४ मध्ये जिल्ह्याचे अधिकृत नाव बेळगावी असे झाले. एका माणसाच्या हयातीत, त्याने उंबरठाही ओलांडला नसताना, तो कोठला हे सांगणारे शब्द इतक्या वेळा बदलले. बेळगावचा कॅथॉलिक धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाला, तेव्हा त्याचे मुख्य ठाणे मुंबई राज्यात होते. तीन वर्षांनी बिशपांचे घर तेच राहिले आणि राज्य दुसरे झाले. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे, आणि त्या लढ्यासाठी ज्यांनी आयुष्याची वर्षे दिली त्यांत आपल्या मंडळ्यांतली माणसेही असतील. म्हणून "आपले नागरिकत्व स्वर्गात आहे, तेव्हा भाषा आणि राज्य यांची काळजी कशाला," असे कोणी व्यासपीठावरून सांगू लागले की मला ते पटत नाही. स्वर्गातील नागरिकत्वाविषयी फिलिप्पै येथील मंडळीला लिहिणाऱ्या प्रेषित पौलानेच, यरुशलेमेत त्याला चाबकाने मारण्यासाठी बांधले जात असताना, आपण रोमी नागरिक आहोत हे शताधिपतीला ठणकावून सांगितले होते. कचेरीत तुमचा अर्ज परत केला जातो तेव्हा आपला हक्क शांतपणे मागणे हे अविश्वासाचे लक्षण नाही.

परंतु तुमचा प्रश्न हक्काच्या पलीकडचा आहे, आणि त्याच्याविषयी विचार करताना मला पुन्हा पुन्हा येशूला धरून नेले त्या रात्रीचे, प्रमुख याजकाच्या वाड्यातले ते अंगण आठवते. रात्र थंड आहे, चाकर आणि शिपाई कोळशांचा विस्तव पेटवून शेकत आहेत आणि येशूचा शिष्य पेत्र त्यांच्यात मिसळून उभा आहे. आपण येशूला ओळखतो हे तो दोनदा नाकारतो आणि निभावून जाते. मग जवळ उभे असलेले लोक त्याला म्हणतात की तू येशूच्या माणसांपैकीच आहेस, तुझ्या बोलीवरूनच ते दिसते. मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, हा तपशील जपून ठेवला आहे. पेत्र गालील प्रांतातला, आणि गालीलकरांचे उच्चार यरुशलेमेच्या लोकांना गावंढळ वाटत. काही अक्षरे त्यांच्या तोंडून नीट वेगळी निघत नसत. त्या रात्री पेत्राने चेहरा लपवला, ओळख लपवली, शपथा घेतल्या. बोली तेवढी त्याला लपवता आली नाही, आणि ज्या शपथा त्याने घेतल्या त्याही त्याच बोलीत घेतल्या असणार.

पुण्यात तुमच्या "मी येतो" ला हसणाऱ्या मैत्रिणींविषयी वाचताना मला हे अंगण आठवले. बेळगाव-खानापूरकडच्या बायका "मी आलो, मी गेलो" म्हणतात, "काय करूलैस" असे विचारतात, वाक्याच्या शेवटी "की" लावतात; कन्नडाच्या शेजारी शेकडो वर्षे नांदलेली ही मराठी आहे. तिच्यावरून आपण पुण्यात कर्नाटकाचे ठरतो आणि त्याच मराठीवरून इकडे महाराष्ट्राचे ठरतो. अंगणात उभ्या असलेल्या माणसाला दोन्हीकडून हेच ऐकावे लागते की तू आमच्यातला नाहीस.

आता त्यानंतरचे सुमारे पन्नास दिवस ओलांडून पुढे या. पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, यरुशलेमेत अनेक देशांतून आलेले लोक जमले आहेत आणि जो तो आपापल्या जन्मभाषेत देवाची महत्कृत्ये ऐकत आहे. त्या वेळी लोक आश्चर्याने जे पहिले वाक्य म्हणतात ते असे, की हे बोलणारे सगळे गालीलकरच आहेत ना? म्हणजे पवित्र आत्मा आला तरी बोली गेली नव्हती! ज्या उच्चारांमुळे पेत्र अंगणात पकडला गेला, त्याच उच्चारांनिशी तो त्या दिवशी अकरा जणांबरोबर उभा राहिला आणि बोलला. देवाने त्याला आधी यरुशलेमेची शुद्ध भाषा शिकवली नाही, आणि ऐकणाऱ्यांनाही गालीली शिकण्यास सांगितले नाही. पेत्राची भीती तेवढी गेली होती. मी प्रेषितांच्या कृत्यांतला हा अध्याय कितीतरी वर्षे वाचत होते, पण या दोन प्रसंगांत ऐकू येणारी बोली एकच आहे हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले.

ते कसे आले तेही सांगते. मी अध्यापनाचे प्रशिक्षण घेण्यासाठी घर सोडले तेव्हा माझ्याही बोलण्यावर वर्ग हसला होता, आणि मी वर्षभर खपून माझे मराठी पुस्तकी करून घेतले. पुढे तीस वर्षे मराठी शिकवले, तेव्हा त्या श्रमांचा उपयोग झाला हे खरे. पण माझी आई अखेरच्या दुखण्यात अंथरुणावर होती तेव्हा मी तिच्या उशाशी बसून प्रार्थना करू लागले, आणि माझी ती घोटीव वाक्ये ऐकून तिने डोळे उघडले. ती म्हणाली, "पुस्तकातलं नको की गे. आपल्यागत बोल." मला क्षणभर शब्दच सापडेनात. आपल्यागत बोलून देवाशी बोलायचे कसे हे मी विसरले होते. त्या रात्री मी अडखळत, चुकत, "देवा, आम्ही आलो बघ तुझ्याकडं" असे काहीतरी बोलले आणि आई "आमेन" म्हणाली. ज्याच्यापुढे मी उभी होते तो मला मी शाळेत जाण्याच्या आधीपासून ओळखत होता, हे मला तेव्हा समजले.

तुम्ही विचारता, ओळख नेमकी कशी सापडते. मला वाटते ती हाकेतून येते. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायात प्रभू बंदिवासात गेलेल्या लोकांना सांगतो की मी तुला तुझ्या नावाने हाक मारली आहे, तू माझा आहेस. हे तो त्यांना मायदेशी पोहोचल्यावर सांगत नाही. ते परक्या राज्यात, परक्या भाषेत, आपण कोण या प्रश्नाने खचलेले असताना सांगतो. पुनरुत्थानाच्या पहाटे येशूची अनुयायी मग्दालीया मरीयेने त्याला पाहिले तरी माळी समजली, आणि त्याने "मरीये" एवढेच म्हटल्यावर तिला तो कोण हे कळले. त्याचबरोबर आपण कोण हेही तिला त्या हाकेतच कळले असावे. आपण स्वतःला शोधत बसतो तेव्हा हाती लागतात ते दाखले, आडनावे, माध्यम, राज्य. ते सारे खरे असते, पण त्यांपैकी एकही आपल्याला हाक मारीत नाही.

म्हणून मुलीला दिलेले तुमचे उत्तर बरोबर आहे. फक्त ते उरलेसुरले उत्तर म्हणून देऊ नका. "आपण ख्रिस्ती" म्हणजे बाकी काहीच नाही, असा अर्थ तिच्या मनात राहू देऊ नका. आपल्याच बेळगावचे उदाहरण तिला सांगा. लंडन मिशनरी सोसायटीने १८२० मध्ये येथे काम सुरू केले, आणि येथेच १८३१ मध्ये कासार कुटुंबात बाबा पदमनजी यांचा जन्म झाला. त्यांनी १८५४ मध्ये याच गावात बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यावर काय गुदरले असेल याची कल्पना आज करता येणार नाही, कारण त्या काळी अशा माणसाला घर, पंगत आणि नातीगोती यांना एका दिवसात मुकावे लागे. तरीही ते आयुष्यभर बाबा पदमनजीच राहिले. तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, त्यांनी विधवांच्या दुःखावर 'यमुनापर्यटन' लिहिले, आणि मराठी कादंबरीचा इतिहास त्या पुस्तकापासून मोजला जातो. ख्रिस्ती झाल्याने त्यांचे मराठीपण संपले असते, तर मराठीला तिची पहिली कादंबरी एका बेळगावकर ख्रिस्ती माणसाकडून मिळाली नसती. तुमची मुलगी ज्या रस्त्यांनी शाळेत जाते त्याच गावात हे घडले आहे. तिला ते माहीत असले पाहिजे.

मंडळीविषयीही दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. दफनविधीत कोणती भजने म्हणावीत हे कुटुंबाने आधी पाळकांना सांगावे, आणि त्यांनी ते मानावे, ही साधी रीत आहे. पुढच्या वेळी संकोच करू नका. वडिलांच्या वर्षश्राद्धासारखा विधी आपल्यात नसला तरी वर्षभराने स्मरणाची प्रार्थनासभा घेता येते. ती तुमच्या घरी मराठीत घ्या, कन्नड बोलणाऱ्या वडीलजनांनाही बोलवा आणि वडिलांच्या आवडीचे भजन तुमच्या मुलीला म्हणायला लावा. दुसरी गोष्ट ऐकायला थोडी कठीण आहे. यिर्मया संदेष्ट्याने बाबेलला बंदिवासात नेलेल्या लोकांना पत्र लिहिले तेव्हा घरे बांधा, मळे लावा आणि ज्या नगरात मी तुम्हाला पाठवले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, असे सांगितले. आपण तर कोठे नेलेलोही नाही, आपल्याच मातीत आहोत. कन्नड भजने तुम्हाला सुंदर वाटली असे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. ती शिका, मनापासून म्हणा, आणि कन्नड वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचायला शिका. मराठी उपासना टिकावी म्हणून जरूर आग्रह धरा; पण कन्नड बोलणारे बंधुभगिनी आपले घर बळकावत आहेत अशा नजरेने प्रभुभोजनाच्या मेजाकडे, जेथे आपण येशूच्या स्मरणार्थ एकच भाकरी वाटून घेतो, जाऊ नका. त्याच भाकरीने त्यांनाही हाक मारली आहे.

प्रश्न : मी निपाणी तालुक्यातला, वय २४. आई विड्या वळते, वडील शेतमजूर आहेत. आम्ही अनुसूचित जातीचे आहोत. दोन वर्षांपासून मी एका प्रार्थनासभेला जातो आणि येशू ख्रिस्तावर माझा विश्वास बसला आहे. बाप्तिस्मा घ्यावा असे वाटते. सभेतले काही जण म्हणतात की बाप्तिस्मा झाल्यावर पवित्र शास्त्रातले नाव घेतलेच पाहिजे, नाहीतर जुना माणूस मेला असे म्हणता येत नाही. वडील म्हणतात, नाव बदललेस तर मी तुझा कोण राहिलो? गणपतीत आईने वाढलेला मोदक मी खाल्ला नाही, तेव्हा ती दिवसभर जेवली नाही. मी काय करू?

उत्तर : प्रिय बंधू, नाव बदलण्याची मुळीच आवश्यकता नाही. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौलाने ज्यांचा उल्लेख केला आहे त्यांची नावे लक्ष देऊन वाचा. फिबी, हर्मेस ही ग्रीक दैवतांची नावे आहेत. त्याच्या इतर पत्रांतील अपुल्लोस हे नाव अपोलो देवावरून आणि एपफ्रदीत हे अफ्रोदिती देवीवरून आलेले आहे. ही माणसे पौलाच्या परिचयातली विश्वासणारी होती आणि त्यांची नावे बदलावीत असे त्याला कधी सुचलेले दिसत नाही. आपल्याकडे नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, आणि नारायण वामन टिळक या नावानेच त्यांनी भक्तीची पदे लिहिली. पेत्राला प्रभूने नवे नाव दिले हे खरे. पण नाकारण्याच्या पापानंतर समुद्रकिनाऱ्यावर त्याला परत जवळ घेताना तीन वेळा त्याने "योहानाच्या पुत्रा शिमोना" अशी हाक मारली. जुने नाव, आणि तेही बापाच्या नावासकट! तुमच्या वडिलांना योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायातला हा उतारा वाचून दाखवा. तुमचा प्रभू तुम्हाला हाक मारताना त्यांचे नाव पुसत नाही, हे त्यांना तुमच्याच तोंडून ऐकू द्या.

मोदकाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. नैवेद्याच्या अन्नाविषयी करिंथच्या मंडळीत असाच वाद झाला होता आणि पौलाचे उत्तर दोन्ही बाजूंचा विचार करणारे आहे: मूर्ती काहीच नाही, म्हणून अन्नाने आपण बाटत नाही, परंतु पूजेत भागी होणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ज्याची सदसद्विवेकबुद्धी टोचते त्याने ते खाऊ नये. तुम्हाला आरतीत उभे राहता येत नसेल तर राहू नका. पण हे आईला सणाच्या दिवशी ताटावर बसून सांगायचे नसते. आधी, एखाद्या साध्या संध्याकाळी, ती विड्या वळत असताना तिच्याजवळ बसून, तिच्या कामात हात घालून सांगा. आणि सणाच्या दिवशी तिच्या हातचा वेगळा भात-आमटी मागून घेऊन जेवा. तुम्ही तिचे अन्न नाकारत आहात असे तिला वाटले, म्हणून ती उपाशी राहिली. मी तुमच्या जागी असते तर बाप्तिस्म्याची घाईही केली नसती. लक्ष्मीबाई टिळकांना पतीच्या धर्मांतरानंतर ख्रिस्ताकडे येण्यास काही वर्षे लागली, आणि ती वर्षे दोघांनाही फार कठीण गेली. पण त्या आल्या त्या स्वतःच्या पायांनी आल्या.

एक व्यावहारिक गोष्ट तुमच्या सभेतल्या कोणी सांगितली नसेल तर मी सांगते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आज हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे. शिखांचा समावेश १९५६ मध्ये आणि बौद्धांचा १९९० मध्ये झाला, ख्रिस्ती झालेल्यांचा झालेला नाही. या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. बाप्तिस्म्याने जातीचा जाच थांबतो असे मला म्हणता येत नाही, आणि आपल्या मंडळ्यांतही लग्ने जमवताना जात डोकावते हे कबूल करताना मला शरम वाटते. म्हणून हा कायदा मला अन्यायाचा वाटतो. पण तो आज असा आहे; त्याचा तुमच्या शिक्षणावर आणि नोकरीवर काय परिणाम होईल हे एखाद्या जाणत्या वकिलाला विचारून घ्या, आणि मग जे ठरवाल ते उघडपणे ठरवा. एक तोंड मंडळीत आणि दुसरे कचेरीत, असे जगणाऱ्या माणसाचे मन आतून फाटत जाते. येशूने स्वतः सांगितले आहे की बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा. तो हिशेब करताना तुमचा विश्वास डळमळला असे कोणी म्हटले तर मनावर घेऊ नका.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ७६. मराठी शाळेत शिकवले, बावीस वर्षे मंडळीचे चिटणीसपण केले, रविवारची शब्बाथ शाळा चालवली. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली. मुले बाहेरदेशी आहेत. डोळ्यांत काचबिंदू असल्यामुळे आता पवित्र शास्त्र वाचता येत नाही आणि चिटणीसपण तरुणांकडे दिले आहे. लोक अजूनही "गुरुजी" म्हणतात, पण मी आता कोणाचा गुरुजी? विश्वास आहे, तरी सकाळी उठल्यावर मी कोण असा प्रश्न पडतो.

उत्तर : आदरणीय गुरुजी, जो माणूस बावीस वर्षे दुसऱ्यांच्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि मरणाच्या नोंदी नीट अक्षरात लिहीत आला, त्याला स्वतःची नोंद कोठे आहे असे वाटावे, हे वाचून मन भरून आले. वर ज्या पेत्राविषयी लिहिले त्याच्याकडे मी पुन्हा वळते, कारण समुद्रकिनाऱ्यावरचे ते संभाषण तेथे संपत नाही. "माझी मेंढरे चार" असे सांगितल्यावर लगेच प्रभू त्याला म्हणतो की तरुणपणी तू स्वतःच कंबर बांधून वाटेल तेथे जात होतास. म्हातारा होशील तेव्हा हात पुढे करशील आणि दुसरा तुझी कंबर बांधील. योहान सांगतो की हे पेत्राच्या मरणाविषयी होते. तरीही मला त्यात म्हातारपणाचे साधे चित्रही दिसते, आणि त्यानंतरचे प्रभूचे शब्द तेच आहेत जे त्याने पहिल्या दिवशी जाळी सोडायला सांगताना वापरले होते : माझ्यामागे ये. चालणे दुसऱ्याच्या आधाराने झाले तरी मागे जाणे थांबत नाही.

तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांना वाचून दाखवले. आता कोणीतरी तुम्हाला वाचून दाखवावे अशी वेळ आली आहे, आणि तुमच्यासारख्या माणसाला हात पुढे करणे जड जाईल हे मी समजू शकते. मलाही ते जड जाते. तुमच्या मंडळीत जे तरुण चिटणीस झाले आहेत त्यांना सांगा की आठवड्यातून एकदा घरी येऊन एक स्तोत्र वाचावे. चहा तुम्ही करा, स्तोत्र त्यांना वाचू द्या, आणि ते चुकले तरी लगेच दुरुस्त करू नका.

आणखी एक विनंती आहे. पहिल्या पत्रातील भगिनी बेळगावातच राहतात आणि तुमच्या पत्त्यावरून पाहता त्यांचे घर तुमच्यापासून फार दूर नसावे. त्यांच्या मुलीला मराठी वाचण्याचा सराव हवा आहे आणि तिच्या आजोबांच्या जागी ऐकणारे कोणी उरलेले नाही. आम्ही कोणाचाही पत्ता कोणाला देत नाही. पण दोघांनीही संमतीचे दोन ओळींचे पत्र कार्यालयाकडे पाठवले, तर मी स्वतः तुमची गाठ घालून देईन. मुलीने योहानाच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करावी. एकविसाव्या अध्यायापर्यंत पोहोचायला तिला बरेच रविवार लागतील.